लावे स्टँड, फलाट एक

मागच्या एका मंगळवारची माझी नोंद अशी आहे.

"७.४२ – ॲनाकोंडा आत येता येता परत फिरला. ७.४६ – पुन्हा आला, पुन्हा फिरला. ७.५१ – तिसऱ्यांदा. सोबतच्या दोन लहान गाड्या पाठोपाठ. कारण दिसत नाही."

गाड्या असं लिहिलंय खरं, पण ती जहाजं आहेत, आणि तीही अंतराळातली. हाताला वळण पडलंय ते पडलंय. आधी एसटीत वाहक, मग शेवटची सतरा वर्षं स्टँडवर वाहतूक नियंत्रक. लोक कंट्रोलर म्हणायचे. कुठली गाडी आली, किती उशिरा आली, कुठल्या फलाटावर लागली, कधी सुटली, हे लिहिता लिहिता केस पांढरे झाले. निवृत्त झाल्यावर पहिले सहा महिने मी घराच्या गॅलरीतून रस्त्यावरच्या गाड्या मोजायचो. सौ. म्हणाली, "अहो, लोक बघतात. खाली बघत पुटपुटू नका."

मग दिवाळीत भाचा आला. पुण्यात कॉम्प्युटरचं काम करतो. जाताना त्याचा जुना लॅपटॉप ठेवून गेला आणि त्यात एक गेम टाकून गेला. म्हणाला, "मामा, फुकट आहे, बघा जमतोय का." गेमचं नाव ऊलाइट. मला बंदुका चालवण्यात काडीचा रस नाही. पण यात ट्रॅफिक आहे हे कळलं आणि मी अडकलो.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. मूळ गेम एलिट नावाचा. १९८४ साली केंब्रिजला शिकणाऱ्या डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या दोन पोरांनी तो बीबीसी मायक्रो नावाच्या कॉम्प्युटरसाठी लिहिला. त्या कॉम्प्युटरची मेमरी ३२ किलोबाइट. हल्ली सकाळी सकाळी व्हॉट्सॲपवर येणारा फुलांचा फोटोसुद्धा त्यापेक्षा जड असतो. एवढ्या जागेत त्यांनी ८ आकाशगंगा बसवल्या, प्रत्येकीत २५६ ग्रह. ग्रहांची नावं, बाजारभाव, राज्यपद्धती हे काही साठवून ठेवलेलंच नव्हतं. दोन-चार आकडे घ्यायचे आणि सूत्र लावून दर वेळी तेच पुन्हा काढायचं. पाढा पाठ असला की तक्ता कशाला भिंतीवर लावायचा, तसं.

मला त्यातली सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे सूर्य आणि जहाजं जिथे लागतात ते स्टेशन यांना मेमरीत मिळून एकच जागा होती. तुम्ही स्टेशनच्या जवळ गेलात की सूर्य गायब! लांब गेलात की सूर्य हजर, स्टेशन गुल. आमच्या विश्रांतिगृहात एका खाटेवर दोन पाळ्यांचे दोन वाहक झोपायचे. एक उठला की दुसरा आडवा. दोघं एकाच वेळी खाटेवर कधी दिसले नाहीत. हे वाचलं तेव्हा त्या दोन पोरांबद्दल मला एकदम आपुलकी वाटली.

त्या जुन्या एलिटमध्ये ट्रॅफिक असं फार नव्हतंच. जी काही जहाजं असायची ती तुमच्या अवतीभवती, तुम्ही आलात म्हणून उभी केलेली. पाहुणे आले की अंगण झाडावं तसं. ऊलाइटचं तसं नाही. जाईल्स विल्यम्स नावाच्या माणसानं तो ॲपलच्या मॅकसाठी सुरू केला, पुढे इतर कॉम्प्युटरवर आला, आणि अनेकांनी फुकट हात लावून वाढवला. माझ्याकडे १.९० ही आवृत्ती आहे, २०२० सालची. नाव म्हणजे 'ऑब्जेक्ट ओरिएंटेड एलिट' याचं आखूड रूप. भाच्याने सांगितलेला अर्थ मला कळला तो एवढाच, की यात प्रत्येक जहाजाचा संसार वेगळा. तुम्ही ज्या ग्रहापाशी असाल तिथली सगळी जहाजं आपापल्या कामात असतात, तुम्ही बघा नाहीतर बघू नका. कुणी माल घेऊन ग्रहाकडे निघालंय, कुणी सूर्याजवळून इंधन भरून येतंय, कुणी आडवाटेला टपून बसलंय. थोडक्यात, स्टँड.

बहुतेक जहाजांना सापांची नावं दिली आहेत. पायथन, ॲनाकोंडा, बोआ, मांबा, व्हायपर, आणि क्रेट म्हणजे तर आपली मण्यार. आपल्याला सुरुवातीला जे जहाज मिळतं ते कोब्रा मार्क थ्री, म्हणजे नाग. सोबत १०० क्रेडिट. आणि जागा लाव्ह नावाचा ग्रह. भाचा लेव्ह म्हणतो. मी आपलं स्पेलिंग वाचून लावे म्हणतो. पाटण तालुक्यातल्या एखाद्या वाडीचं नाव वाटतं. लावे बुद्रुक. घनदाट पावसाळी जंगलं आणि झाडावरच्या अळ्या यांच्यासाठी प्रसिद्ध, असं गेममध्येच लिहिलंय. म्हणजे पाटण तालुकाच.

आता मी बाहेर उभा का असतो, ते. लावेचं स्टेशन म्हणजे कोपरे छाटलेला भला मोठा ठोकळा. तो सतत स्वतःभोवती गरगरत असतो. एका अंगाला आडवी फट, पोस्टाच्या पेटीला असते तशी. आत जायचं तर आपलं जहाजही त्याच गतीने गरगरवत, फट आडवी धरून, मधोमध घुसायचं. मी तीन नाग फोडले. चौथ्या वेळी ठरवलं, आत जाणं आपल्या नशिबात नाही. आपोआप आत नेणारा डॉकिंग कॉम्प्युटर मिळतो, पण त्याची किंमत १५०० क्रेडिट. खिशात १००. शिवाय खेळ जिथे थांबवला तिथून पुढे चालू करायचा तर स्टेशनच्या आत असावं लागतं. त्यामुळे माझी रोजची संध्याकाळ एकच: साडेसातला लावे स्टँडवरून गाडी बाहेर काढायची, थोडं पुढे जायचं, वळून फटीकडे तोंड करायचं, वेग शून्य. आणि वही उघडायची. नऊला जेवायला हाक आली की लॅपटॉप बंद. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच १०० क्रेडिट.

स्टेशनच्या फटीसमोर, बऱ्याच अंतरावर एक बोया आहे. कोकणातल्या बंदरात असतात तसला, फक्त पाण्याऐवजी पोकळीत तरंगणारा. जागा सापडायला सोपी, म्हणून मी त्याच्या अलीकडे, फटीच्या बरोबर नाकासमोर उभा राहायचो. तिथून सगळं स्वच्छ दिसतं. कंट्रोलरची केबिन असायला हवी ती तिथेच, असं माझं मत झालं.

पहिल्या तीन संध्याकाळी जे पाहिलं त्यावरून मी या ट्रॅफिकला सरळ नापास केलं.

शटल, म्हणजे ग्रह ते स्टेशन ये-जा करणारं लहान जहाज, बाहेर पडायचं, सरळ सुटायचं आणि मधेच नाक वर करून भलतीकडे वळायचं. एकदा फटीतून एक जहाज बाहेर येत होतं आणि एक आत जात होतं. दोघांनाही एकमेकांचा पत्ता नाही. नारिंगी भपका, दोन्ही खलास, आणि मालाचे पिंप गरगरत पसरले. कुणी विचारपूस केली नाही. आमच्याकडे नुसता आरसा घासला तरी पंचनामा, जबाब, पुन्हा वर कार्यालयात हेलपाटे.

पण सगळ्यात हैराण केलं त्या ॲनाकोंडाने. हे या गेममधलं थोराड जहाज, ७५० टन माल घेणारं. ते वळायला लागलं की आपलीच मान दुखते. सोबत राखणीला लहान जहाजं. लांबून शिस्तीत यायचं, रांगेत लागायचं, वेग कमी करायचा. आता जातंय आत, असं वाटेपर्यंत नाक एका बाजूला टाकायचं, मोठा वळसा घालून लांब जायचं आणि पहिल्यापासून सुरू. राखणदार बिचारे त्याच्यामागे. वरात रस्ता चुकल्यासारखी.

वहीत आकडा लिहिला: तीन संध्याकाळ, परत फिरलेल्या गाड्या अकरा.

भाच्याला फोन लावला. म्हटलं, "तुझ्या गेममध्ये ड्रायव्हर भरती करताना परीक्षा घेतात की नाही?"

"मामा, तुम्ही लढायचं सोडून हे बघताय?"

"मला एवढं सांग, तो आत का जात नाही?"

मग त्याने बऱ्यापैकी समजावलं. स्टेशन जहाजाला एकदम आत ये म्हणत नाही. आधी लांबचं एक ठिकाण देतं, तिथे जा. तिथे नीट पोहोचलं की त्याच्या अलीकडचं ठिकाण. असं करत करत फटीपर्यंत. पुढचं ठिकाण रिकामं नसेल तर थांब. रेषा सोडून भरकटलं तर परवानगी रद्द, परत लांबून सुरुवात. मी म्हटलं, हे चांगलं आहे. आषाढीच्या जादा गाड्या आम्ही असंच आत घ्यायचो. रस्त्यावर एक थांबवायची, गेटजवळ एक, फलाटावर एक. फलाट सुटला की मागच्या दोन्ही एकेक घर पुढे.

"आणि दुसरं म्हणजे," भाचा म्हणाला, "समोर काही धडकेल असं वाटलं की जहाज हातातलं काम तसंच ठेवून आधी वळतं. धोका टळला की पुन्हा आधीचं काम हातात घेतं."

त्याने एक फाइल उघडून फोनवरच वाचून दाखवली. व्यापारी जहाजाचं डोकं म्हणजे एक यादी. वरून खाली वाचत यायचं, जी अट पहिल्यांदा खरी ठरेल त्यापुढचं काम करायचं, बाकीचं सोडून द्यायचं. मार खातोय का? पळ. लढाई चालू आहे का? लढ. असं खाली खाली येत मग स्टेशनात जाणं, माल, पुढचा प्रवास. मी वहीच्या मागच्या पानावर मराठीत उतरवून घेतली. ड्युटीवर लागलेल्या नव्या पोराला देतात तशी सूचनांची यादी. फरक इतकाच की नवं पोरगं दोन महिन्यांत यादी विसरून स्वतःच्या डोक्याने चालायला लागतं. हे जहाज मरेपर्यंत यादी वाचतं.

भाच्याचा आवडता किस्साही मला ऐकावा लागला. एलिटचाच नवा अवतार २०१४ ला निघाला, एलिट डेंजरस. मे २०१६ मध्ये त्यात मोठी सुधारणा आली आणि त्यानंतर खेळाडू बोंबलायला लागले, की कॉम्प्युटरची जहाजं एकदम राक्षस झाली आहेत. बनवणाऱ्यांनी शोधलं तर नेटवर्कमधल्या गोंधळाने कॉम्प्युटरच्या जहाजांकडच्या शस्त्रांचे गुण एकमेकांत मिसळले होते. म्हणजे ताकद एका तोफेची आणि सुटायचा वेग दुसऱ्या बंदुकीचा. भाचा हे सांगताना अजून तावात येतो. मला मात्र ॲनाकोंडाच दिसत होता. समोर काही धडकेल असं वाटलं की वळतं म्हणे. पण समोर होतं काय? मोकळं आकाश. मी तर समोरच होतो, मला दिसलं असतं.

हे वाक्य मी मोठ्यांदा म्हटलं होतं. भाचा तेव्हाच हसला असावा, पण मोठ्या माणसाला तोंडावर बोलायचं नाही म्हणून गप्प राहिला.

शुक्रवारी काय झालं, की गाडी बाहेर काढली आणि खालून गॅसवाला आला. मी वेग शून्य करायला विसरलो. सिलिंडर वर घेतला, सुट्टे पैसे शोधले, सौ.नं रेग्युलेटर लावायला लावला, साबणाचं पाणी लावून गळती बघितली. वीसेक मिनिटांनी येऊन बसलो तर माझा नाग बोया ओलांडून, तिरका होत होत भलतीकडे गेलेला. म्हटलं आता असू दे, इथूनच बघू. स्टेशन बाजूने दिसत होतं, ठोकळ्याची कड आणि फटीचा उजेड.

लांबून ॲनाकोंडा आला. सोबत तीन राखणदार. रांगेत लागला. वेग कमी केला. मी पेन धरून तयार. आणि तो असा सरळ गेला आत, की सुईत दोरा जावा. अंगाला अंग न लागता. मग राखणदार, तिघंही एकदम नाही हं, एक गेला, थोडं अंतर सोडून दुसरा, मग तिसरा. भाच्याला नंतर विचारलं, तर मोठं जहाज आत जातानाच सोबतच्यांना सांगून जातं आणि प्रत्येकाला वेगवेगळी वेळ देतं म्हणाला. त्या संध्याकाळी नऊपर्यंत परत फिरलेल्या गाड्या शून्य.

मला कळायला तरीही वेळ लागला. ताटावर बसलो, आमटी वाढली, आणि घास हातात धरून मी तसाच राहिलो. सौ. म्हणाली, "मीठ कमी आहे का?"

"अगं, वडाप मीच होतो."

आता हे तिला काय कळणार. तुम्हाला सांगतो. एका गौरी-गणपतीत स्टँडवर पाय ठेवायला जागा नव्हती. मुंबईहून आलेली माणसं, ट्रंका, पोरं, हार, केळीचे खुंट. चिपळूणची गाडी आत आली आणि फलाटावर न लागता स्टँडला चक्कर मारून पुन्हा गेटकडे गेली. पुन्हा आत, पुन्हा चक्कर. आतले प्रवासी दांड्याला धरून एका बाजूला कलंडलेले. मी केबिनमधून माइकवर: "चिपळूण गाडीच्या चालकांनी गाडी फलाट क्रमांक चारवर लावावी, फिरवू नये." तिसऱ्या चकरेला आवाज चढवून: "चालक, गाडी लावा!" सगळं स्टँड हसतंय. चालक जुना, शांत माणूस. चौथ्या वेळी त्याने गाडी थेट माझ्या केबिनपुढे उभी केली, डोकं बाहेर काढलं आणि म्हणाला, "साहेब, खाली उतरून बघा."

उतरलो. फलाट चारच्या तोंडाशी पांढरी जीप. वडाप. पाटणची सीट भरत होता. रसवंतीच्या पाटीमुळे मला केबिनमधून फलाटाचं तेवढंच तोंड दिसायचं नाही. जीपवाला मला बघून म्हणतो कसा, "दोन मिंटं, कंट्रोलर साहेब. मी काय मधी नाय, कडंला हाय."

कडेला. मीही लावेला कडेलाच उभा होतो, माझ्या मते.

शनिवारी खात्री करून घेतली. मुद्दाम जुन्या जागी जाऊन उभा राहिलो, बोयाच्या अलीकडे, फटीच्या नाकासमोर. पहिला आला पायथन. यंत्रावर ठिपका दिसल्यापासून मी त्याला सोडला नाही (हे यंत्र २५.६ किलोमीटरपर्यंतचं दाखवतं). सरळ माझ्या दिशेने. त्याचं नाक मोठं मोठं होत गेलं, खालच्या बाजूचे काळे पट्टे दिसायला लागले, आणि एका क्षणी ते नाक डावीकडे ढळलं. मी त्याच्या पुढच्या ठिकाणावर बसलो होतो. माझ्याशी टक्कर नको म्हणून तो वळला, वळला म्हणून रेषेतून सुटला, रेषेतून सुटला म्हणून परत पाठवला गेला. परत आला तर मी तिथेच. त्याच्या यादीत 'उतरून बघा' म्हणणारं कुठलंच वाक्य नाही. तीन फेऱ्या मी होऊ दिल्या. चौथीला मला राहवेना. नाग हलवला, वर आणि डावीकडे, बराच लांब. पायथन आत गेला.

आता माझी केबिन तिथेच असते. फट तिरकी दिसते, पण रांग पूर्ण दिसते, लांबच्या ठिकाणापासून आतपर्यंत. गेल्या आठवड्यात परत फिरलेल्या गाड्या दोनच. त्या दोन्ही बाहेर पडणाऱ्या शटलमुळे. फटीतल्या धडका मात्र होतात अजून. त्या काही माझ्यामुळे नाहीत आणि तिथे मी नापासाचा शेरा कायम ठेवला आहे. एकच तोंड, त्यातूनच जाणं आणि येणं, हे ज्यानं आखलं त्यानं कधी सणाच्या दिवसात स्टँडवर उभं राहून पाहिलेलं नाही.

काल मात्र एक गंमत झाली. ८.१० ला बोआ आला आणि वळला. ८.१५ ला पुन्हा. मी आधी स्वतःची जागा तपासली. लांब होतो. शटल नाही, कुणी बाहेर पडत नाही. दृश्य बोयावर आणलं तर त्याच्या अलीकडे, माझ्या जुन्या जागी, एक चिमुकला ॲडर उभा. वेग शून्य, तोंड फटीकडे. लढत नाही, आत जात नाही, काही नाही.

वहीत लिहिलं: "८.२२ – जागेवर नवीन माणूस."